फुकटचं कुलूप

मित्रांनो, आज सकाळी खाडी वाचवणाऱ्या आमच्या संघटनेचा लॅपटॉप हाटकेश भागातल्या ऑफिसातून चोरीला गेला. खाडीत चोरून भराव टाकणाऱ्यांची नावं सांगणाऱ्या, उत्तन गावच्या फिलूमावशींचं रेकॉर्डिंग त्यात होतं.

पूर्वी कॉम्प्युटरची अख्खी डिस्क कुलूपबंद करणं, म्हणजे किल्लीशिवाय कुणालाच वाचता येणार नाही अशी करणं, सरकारांना आणि कंपन्यांनाच परवडायचं. मग काही अनोळखी माणसांनी तसं सॉफ्टवेअर जगाला फुकट वाटलं. मीच त्याची सीडी ऑफिसातला लॅपटॉप सांभाळणाऱ्या आमच्या सुरेशला दिली होती.

"फुकटच्या कुलपावर कोण भरवसा ठेवणार? लॅपटॉपला पासवर्ड आहे की," तो म्हणाला होता, आणि सीडी तशीच पडून राहिली. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडली की तो पासवर्ड कुणी विचारत नाही.

संध्याकाळी मावशींचा फोन आला. "भाऊ, कोनीतरी माजंच बोलनं मला फोनवर ऐकवलं. आनि नुसता हसला."

मी आत्ता उत्तनला निघालोय. तुमच्यावर विश्वासून बोललेल्या कुणाचा आवाज तुमच्या कॉम्प्युटरमध्ये असाच उघडा पडलाय?