मावशींनी लिहिलेला बोर्ड

दवाखान्यात कुठूनही नऊ फिरवलं की मावशी बोलायच्या. बावीस वर्षं! आवाज असा लख्ख, की या बाईंना जन्मापासून दिसत नाही हे सांगूनही पलीकडच्या माणसाला खरं वाटायचं नाही. दोनशे बारा फोन त्यांना तोंडपाठ. कुठला फोन आलाय हे फोन जोडायच्या बोर्डाच्या नुसत्या खटक्यावरून कळायचं. आणि त्यांचा एक नेम होता: दोघांना जोडून दिलं, की आपला कान बाजूला. कुणाचं काय चाललंय त्याच्याशी आपल्याला काय करायचंय?

तर हा बोर्ड एके दिवशी बंद पडला तो पडलाच. ठेकेदार नवा दाखवायला घेऊन आला. सगळं इंटरनेटवरून, म्हणे. मावशींनी त्यावरून बोटं फिरवली. गुळगुळीत काच! ना बटण, ना खाच. कानामागून आली आणि तिखट झाली, म्हणतात ते हेच.

"काळजी करू नका," अधीक्षक साहेब म्हणाले. "तुम्हाला जुन्या कागदांच्या खोलीत खुर्ची देऊ. बसून राहा, पगार चालूच राहील."

बसून राहा! मावशींना ते इतकं लागलं, की घरी जेवता जेवता त्यांना रडूच आलं. त्यांचे धाकटे दीर कॉम्प्युटर दुरुस्त करायचे. ते म्हणाले, "वहिनी, रडताय काय? फोनचं एक्सचेंज आपल्यालाही बांधता येतं. त्याचं सॉफ्टवेअर सगळ्यांना खुलं असतं, आतून हवं तसं बदला, कुणी विचारत नाही. आणि त्यात काच नाही की चित्र नाही. नुसतं लिहून सांगायचं: अमुक नंबर फिरवला तर तमुक फोन वाजव. तुमचा बोलका कॉम्प्युटर ओळ न् ओळ वाचून दाखवेल."

"मला जमेल?"

"नाही जमलं तर खुर्ची आहेच की, बसून राहायला!"

झालं. मावशी पेटल्या.

साहेबांनी कुरकुरत एक महिना दिला. "पण पहिल्या दिवशी गोंधळ झाला, तर काचेचा बोर्ड," असंही बजावलं. दवाखान्याच्या वायरमनने शिडी खांद्यावर टाकून तारा ओढल्या, जागोजागी नवे फोन बसवले, दिरांनी एक जुना कॉम्प्युटर आणून मांडला आणि मावशी दुपारच्या सुट्टीत, रविवारी, जमेल तेव्हा टाइप करत बसल्या. एकदा एक आकडा चुकला, तर स्वयंपाकघराला लावलेला फोन शवागारात वाजायला लागला. "मावशी, तिथून कुणी उचलला तर मी नोकरी सोडतो बरं का!" वायरमन म्हणाला. दोघं पोट धरून हसले. एकेक फोन वाजवून, ऐकून, सगळं दोनदा तपासून झालं.

शेवटच्या संध्याकाळी फक्त नावं राहिली. प्रत्येक नंबरापुढे नावाची जागा होती. फोन आला की कॉम्प्युटर ते नाव मावशींच्या कानात सांगणार. मग काय! बावीस वर्षं मनात जी नावं होती तीच त्यांनी लिहून टाकली. औषधांची खिडकी: 'उद्या या'. रक्त तपासणारे: 'अजून आलं नाही'. बाळंतिणींचा वॉर्ड: 'आनंदी गोंधळ'. आणि अधीक्षक साहेब? 'आधी ओरडतो, मग ऐकतो'. आपल्याच कानात तर बोलणार, कुणाला कळतंय!

सकाळी फोन धडाधड सुरू झाले. एकही चुकीच्या जागी गेला नाही. मावशी अशा खुशीत होत्या, की चहा गार झाल्याचंही त्यांना कळलं नाही. तेवढ्यात व्हरांड्यातून हसण्याचा आवाज आला. मग वरच्या मजल्यावरून. मग बाळंतिणींच्या वॉर्डातल्या सिस्टरांचा फोन आला. "मावशी, आम्ही आनंदी गोंधळ होय?"

"तुम्हाला... तुम्हाला कुणी सांगितलं?"

"अहो, इथून फोन लावला की तुम्ही लिहिलेलं नाव समोरच्याच्या फोनवर दिसतंय ना! या नव्या फोनना पडदा आहे छोटासा. आणि मावशी, साहेबांनी सकाळपासून चार वॉर्डांना फोन केलेत."

मावशींच्या तोंडचं पाणी पळालं. पडदा! फोन कानाला लावायची वस्तू. तिच्याकडे कुणी बघतही असेल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. त्या घाईघाईने नावं पुसायला लागणार, तोच दारात बूट वाजले.

"हे काय चालवलंय तुम्ही? दवाखाना आहे का तमाशा? मी म्हणतो..."

आणि साहेब मध्येच थांबले. मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"ओरडलो की हो," ते हळूच म्हणाले. "बोला. ऐकतो."

"चूक माझीच आहे, साहेब. पण सकाळपासून एक फोन चुकला नाही. मला त्या खोलीत नका बसवू. मला हे काम फार आवडतं हो."

"नावं बदलायला किती दिवस लागतील?"

"दिवस कसले? तुम्ही सांगा, मी लिहिते." त्यांची बोटं चालूही झाली.

"सिस्टरांचं राहू द्या, त्या खूश आहेत. बाकीची सरळ लिहा. माझं..." साहेब घुटमळले. "माझं पहिलं अर्धं तेवढं पुसा. उरलेल्यासारखं वागून बघतो."

दारापर्यंत जाऊन ते वळले. "आणि त्या काचवाल्या ठेकेदाराला फोन जोडून द्या."

मावशींनी जोडून दिला. नेमाप्रमाणे कान बाजूला करायचा होता. पण बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी चोरून एक वाक्य ऐकलं.

"बोर्ड नको," साहेब म्हणत होते, "आमच्याकडे मावशी आहेत."

मग त्यांनी कान बाजूला केला आणि गार झालेला चहा चवीने प्यायला.