अंड्यातल्या पांढऱ्याचा मुलामा

माझ्या साडूंइतका कोंबडीच्या अंड्याचा आदर करणारा माणूस सबंध पिंपरी-चिंचवडात सापडायचा नाही. आदर फक्त पांढऱ्याचा. पिवळं त्यांच्या लेखी कचरा. त्यामुळे पिंपळे गुरवला त्यांच्याकडे जेवायला गेलं की ताटात पिवळ्याची भुर्जी, पिवळ्याचं कालवण, आणि वाढताना मेहुणी म्हणायची, "भावोजी, पोटभर खा, विज्ञानाची सेवा होतेय." साडू चाकणला गाड्यांच्या सुट्या भागांना लेप देणाऱ्या कंपनीत रसायनतज्ज्ञ. तिथे लेप चढतो तो ॲसिडच्या टाक्यांत नाहीतर भट्टीत. साडूंना हे सगळं रानटी वाटे. त्यांची रीत वेगळी: अंड्याच्या पांढऱ्यातलं एक प्रथिन काचेवर बसवायचं आणि ती काच टायटॅनियम विरघळवलेल्या पाण्यात बुडवायची. मग ते प्रथिनच धातूला ओढून घेतं आणि काचेवर त्याच्या ऑक्साइडचे, डोळ्याला कधी दिसणार नाहीत इतके बारीक कण रचतं. "भट्टी नको, ॲसिड नको, भाऊ! कोंबडीनं सगळं करून ठेवलंय." अशा काचेवर वाफ धरत नाही, हा त्यांचा दावा. म्हणून खिशात कायम काचपट्ट्या. निगडीला भाच्याच्या लग्नात, अंतरपाट धरायच्या आधी, त्यांनी नवरदेवाला काचेवर 'हाऽ' करायला लावलं. काच धूसर झाली. भटजी खवळले, तर साडू त्यांच्यापुढे पट्टी धरून म्हणाले, "तुम्ही करून बघा, गुरुजी."

कंपनीतल्या साहेबांनी हा नाद सोडा म्हणून बजावलं, तसा नाद घरी आला. मेहुणीनं ओट्याचा एक कोपरा मोकळा करून दिला. कुकर उघडला की तिच्या चष्म्यावर वाफ धरायची आणि हे म्हणायचे, "थांब, पहिला लेप तुझ्या चष्म्याला." पण लेप टिकत नसे. ओलं फडकं फिरवलं की गेला.

मग मेहुणीला पोटाचं दुखणं निघालं. दवाखान्यात पडल्या पडल्या ती विचारायची, "टिकला का हो?" हे म्हणायचे, "जवळ आलोय." दिवाळीआधी ती गेली. साडू बोलायचेच बंद झाले. कामावर जात, परत येत. खिसे रिकामे.

उन्हाळ्यात मी सहज गेलो. त्यांनी चहा टाकला. आधणाची वाफ ओट्यावर टेकवलेल्या एका काचेवर येत होती आणि काच लख्ख होती.

"अहो, ही काच..."

"हं. टिकला. घासून पाहिली, जात नाही. झाले काही आठवडे."

"आणि कोणाला बोलला नाहीत?"

त्यांनी गॅस बारीक केला. "काही झालं की आधी घरात सांगायचो, भाऊ, मग बाहेर. ते पहिलंच राहिलंय. पुढचं होत नाही."

"मला सांगा की."

ते सांगू लागले. मला निम्मंही कळत नव्हतं, मी आपला "हं, मग?" करत राहिलो. मध्येच ते थांबले.

"ती पण असंच म्हणायची," ते म्हणाले. "तिलाही काही कळायचं नाही."

आणि पुन्हा सांगू लागले.