मागच्या सीटवरचा परीक्षक

त्या गाडीवर बसलं की माझा एकच पाय जमिनीला लागतो, तोही चवड्यावर. चंद्रपूरच्या शोरूममधल्या पोराने ते पाहिलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "मॅडम, तुमच्या हाइटले स्कूटीच बरी पडन." मी म्हटलं, "बापू, थांबाले एक पाय पुरते. चालवाले तं एकही नाई लागत." अशा पोरांना गप्प करणं सोपं असतं. घरातल्या माणसाचं तसं नसतं.

घरातला माणूस म्हणजे माझा नवरा. गोंडपिपरीला शाळेत शिकवतो. सगळे त्याला गुरुजी म्हणतात, म्हणून मीही गुरुजीच म्हणते. मी भामरागडकडच्या गावांत जनावरांचं दवापाणी करते. आठवडाभर तिकडे खोली करून राहते, शनिवारी घरी येते. हे आमचं लग्नापासून असंच चाललेलं, आणि चांगलं चाललेलं. पण यंदाच्या पावसाळ्यात नाल्यावरच्या ठेंगण्या पुलावर, म्हणजे रपट्यावर, शेवाळात माझी जुनी बारकी गाडी घसरली आणि माझ्या खांद्याचं हाड मोडलं. हात गळ्यात अडकवून मी घरी बसले होते, तेव्हा गुरुजींच्या तोंडात एकच शब्द होता. बदली.

"गोंडपिपरीत का गाई-म्हशी नाईत?" ते विचारायचे.

"आहेत. त्याहीले डॉक्टरही आहे."

भांडून भांडून शेवटी सौदा ठरला. ज्या गाडीवर त्यांचा भरोसा बसेल अशी गाडी मी दाखवायची. घरापासून माझ्या कामाच्या गावापर्यंत ते स्वतः मागे बसून येणार. भरोसा बसला तर बदलीचं नाव पुन्हा काढणार नाहीत, नाही बसला तर मी मुकाट्याने अर्ज द्यायचा. रागाच्या भरात मी हो म्हणून टाकलं.

चंद्रपूरच्या माझ्या मामेभावाकडे नेमकी मला हवी तीच गाडी होती. उंच, रुंद हँडलची, रस्त्यावरही चालेल आणि जंगलातही, असं जिच्याबद्दल इंटरनेटवर सगळे छातीठोक सांगतात. त्याने ती लडाखला जायला घेतली होती. लडाख राहिलं बाजूला, गाडी अंगणात कव्हरखाली झोपलेली असायची. त्याने किल्ली दिली ती एका अटीवर. एक ओरखडा उमटायला नको.

माझं हाड जुळलं आणि दसरा होऊन गेल्यावरच्या एका रविवारी आम्ही उजाडताच निघालो. कॅरिअरला लशीचा बर्फाचा डबा बांधला होता, कारण लाळ्या-खुरकुतीच्या लसी टोचायच्या राहिल्या होत्या. मी आठवडाभर तिकडेच राहणार होते. गुरुजी संध्याकाळी जीपने परतणार होते. बैलबंडीवर चढावं तसे ते दोन्ही हात लावून मागच्या सीटवर चढले. चौकातल्या चहावाल्याने हटकलंच, "काऊन गुरुजी, आज मांगं?"

"परीक्षा घ्याले चाल्लो," गुरुजी म्हणाले आणि दोघं हसले. मला हसू आलं नाही.

आष्टीपर्यंत डांबर गुळगुळीत होतं. माझ्या जुन्या गाडीचं हँडल असं थरथरायचं की उतरल्यावर बोटांत सुई धरवत नसे. हिचं हँडल शांत होतं. खनिजाच्या ट्रकांना ओलांडताना हिला विनवावं लागत नव्हतं, मूठ पिळली की ती पुढे. एका वळणावर बकरी आडवी आली. मी दोन्ही ब्रेक दाबले, गाडी जागच्या जागी सरळ उभी राहिली आणि बकरी आरामात पलीकडे गेली. "हे बरं हाय," मागून आवाज आला. त्यांच्या शाळेत एवढ्यावर पोरं पास होत असतील. खोट होती तीही सांगते. गावातून सावकाश जाताना इंजिनची धग उजव्या नडगीला लागायची, आणि मागची सीट फळीसारखी कडक आहे असं गुरुजींनी दोनदा ऐकवलं.

आलापल्लीनंतर जंगल लागलं, बऱ्याच पुढे जाऊन डांबर सोडलं आणि सागाच्या झाडांतली कच्ची वाट धरली. मी फूटरेस्टवर उभी राहून गाडी चालवायला लागले. खड्ड्यांत तसंच चालवायचं असतं, गाडी खाली नाचते आणि माणूस वर स्थिर राहतो. पण गुरुजींच्या तोंडासमोर आता बायकोची पाठ नव्हती, भलतंच होतं.

"बस ना खाली. लोक पाहून राह्यले."

"पाहू द्या."

या वाटेवर ती गाडी खरी खुलली. मुळं, गोटे, बैलबंडीच्या चाकोऱ्या, रेती, सगळ्याचे धक्के तिच्या शॉकअपने गिळले. आधी प्रत्येक खड्ड्याला गुरुजी दात आवळून श्वास ओढत होते. मग ते बंद झालं. मग ते झाडं पाहायला लागले. एका जागी पाणी प्यायला थांबलो तेव्हा कमरेवर हात ठेवून स्वतःहून म्हणाले, "पाठ नाई दुखली बा." मी मनातल्या मनात बदलीचा अर्ज फाडून टाकला.

आणि नाला आला. कमरेएवढं गढूळ पाणी, रपटा एका बाजूने वाहून गेलेला. पलीकडून एक मोटरसायकल येत होती, बांबूला दोरांनी टांगलेली, चौघांच्या खांद्यावर. आमच्याकडे पाऊस उलटला तरी बरेच दिवस गाड्या अशाच नाला ओलांडतात, त्याचं कोणाला काही वाटत नाही. माझी जुनी गाडीही कितीदा अशीच गेली होती. चौघांनी ती खाली ठेवली आणि आमच्या गाडीभोवती गोळा झाले. त्यातल्या वयस्क माणसाने मागचं चाक उचलून पाहिलं आणि सोडून दिलं.

"डॉक्टरबाई, हे तं म्हैस हाय," तो म्हणाला. "आठ जनं लागतीन."

तिथे होते चौघंच. मला स्वतःचाच इतका संताप आला की विचारू नका. सीट पाहिली, ब्रेक पाहिले, शॉकअप पाहिले, मोबाइलवर तासन्‌तास लोकांची मतं ऐकली. ही उचलायला किती माणसं लागतात, हे त्यांच्यापैकी कोणीच सांगितलं नव्हतं. त्यांना सांगायची गरज नव्हती. मला विचारायची होती.

गुरुजी एका दगडावर बसले, चष्मा पुसला. "झालं ना मंग," एवढंच म्हणाले, अगदी शांतपणे. ते ओरडले असते तर मी सोसलं असतं. तो शांतपणा मला सोसवला नाही.

"गाडी नापास झाली. मी नाई," मी म्हटलं. डबा सोडवून डोक्यावर घेतला, चपला हातात घेतल्या आणि पाण्यात उतरले. मागून "अवं, थांब ना" ऐकू आलं. मी थांबले नाही. ज्या गाडीवर त्यांचा भरोसा बसला होता, ती त्यांना चालवताही येत नव्हती. जन्मभर बिनगिअरची स्कूटर चालवलेला माणूस. बसा म्हटलं राखण करत.

गाव नाल्यापासून बरंच आत आहे. ओली सलवार पायांना चिकटत होती आणि मी स्वतःशी बडबडत चालत होते. निरोप आधीच गेला होता, म्हणून जनावरं बांधून ठेवलेली होती. मी कामाला लागले. एका गोऱ्ह्याने लाथ झाडली, त्याला मी गुरुजींच्या वाटणीचंही बोलून घेतलं. "डॉक्टरबाई, गाडी कुठी?" एका बाईने विचारलं. मी म्हटलं, "नाल्याच्या तिकडं. गुरुजी राखून राह्यले." बायका खूप हसल्या. मग मलाही हसू आलं, पण त्या हसण्यातच मला रडूही आलं आणि मी गाईच्या आड तोंड केलं. मी इथे उपकार करायला येत नाही. गोंडपिपरीत मी गुरुजींची बायको आहे. इथे ते डॉक्टरबाईंचे घरवाले आहेत. हे मला सोडायचं नाही, गाडी असो की नसो. एवढी साधी गोष्ट मी त्यांना कधी तोंडाने सांगितली नव्हती, बकऱ्या आणि ब्रेक दाखवत बसले होते.

शेवटची गाय टोचून झाली तेव्हा उन्हं कलली होती. वाटेवर गलका ऐकू आला. माणसांचा एक घोळका काहीतरी ढकलत येत होता. जवळ आला तशी गाडी दिसली. हँडल धरून ढकलणारा माणूस छातीपर्यंत भिजलेला, अंगात नुसतं बनियान. कडक इस्त्रीशिवाय दाराबाहेर न पडणारे आमचे गुरुजी.

त्यांचा शर्ट गाडीच्या टाकीला गुंडाळलेला होता, बांबू घासू नये म्हणून. मी तो सोडला. टाकीवर ओरखडा नव्हता. तो त्यांच्या खांद्यावर होता, चांगला हातभर, लालभडक.

"आठ भेटले?" मी विचारलं.

"सात भेटले," ते धापा टाकत म्हणाले.

मी डब्यातला उरलेला बर्फ रुमालात बांधून त्यांच्या खांद्यावर धरला, आणि गाईच्या आड ठरवलेलं सगळं सांगून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं. बदली हा शब्द काढला नाही.

"गाडी जड हाय," ते म्हणाले. "हे नाई चालत. चौघं उचलतीन अशी पाहू."

"आणि हे परत कशी न्याची?"

"शनिवारी शाळा सुटली का निघतो," गुरुजी म्हणाले. "आठवा लागन ना."