उगारलेला हात

मैत्रिणींनो, ड्यूटीवरून घरी आली, पण मन अजून वॉर्डातच फिरून राहिलं.

दुपारी सौसरच्या आमच्या दवाखान्यात खिडकीतून संत्र्याच्या फुलांचा वास येत होता. सारा वॉर्ड पेंगून राहिला होता. तापानं भरती झालेली एक काकूही सलाईनवर गाढ झोपली होती. तेवढ्यात तिचा नवरा ट्रॅक्टरभर मोहगावची माणसं घेऊन आला. तिचे मिटलेले डोळे पाहून त्याले वाटलं, गेली.

"सिस्टर, मारून टाकलं तिले!" म्हणत त्यानं माझ्यावर हात उगारला.

मी तोच हात धरून काकूच्या मनगटावर ठेवला. "काका, नाडी पाहा. झोपून राहिली काकू."

बोटांले नाडी लागली, अन् तो मटकन खाली बसला.

आता सारं सपनावानी वाटते. फक्त एक गोष्ट खरी वाटते. ट्रॅक्टरभर माणसं मागं उभी होती, पण तो उगारलेला हात धरायले एकही जण पुढं आला नाही.

तुम्ही तिथं असत्या, तर धरला असता?