काकूंना गाडी लागते

आमच्या वरच्या काकांनी निम्म्या मॅनिटोबाचे रस्ते बांधले, आणि त्यांतल्या एकाही रस्त्यावरून त्यांना स्वतःच्या बायकोला नेता आलं नाही. एवढं मोठं दुर्दैव इतक्या मोठ्याने बोलणाऱ्या माणसाच्या वाट्याला आलेलं मी दुसरं पाहिलेलं नाही. कारण साधं होतं. काकूंना गाडी लागायची. विनिपेगमधल्या त्यांच्या घरापासून ग्रोसरीच्या दुकानापर्यंत मोजके सिग्नल. पहिल्या सिग्नलला काकू गप्प होत, दुसऱ्याला जॅकेटची चेन उघडत, आणि पुढचा सिग्नल यायच्या आत काका गाडी कडेला घेत. त्यामुळे अख्खी नोकरी इथे करूनही या कुटुंबाने कॅनडा म्हणून जो पाहिला तो घराच्या खिडकीतून. मुलं लहान असताना शेजारपाजारचे लोक उन्हाळ्यात तंबू घेऊन तळ्यावर जात, तेव्हा ही चौघं मागच्या अंगणात तंबू ठोकून, डास मारत, दहीभात खात बसत. मुलगी शाळेत सुट्टीवर निबंध लिही, त्यात तळं असे, होडी असे, अस्वलसुद्धा असे. "मॉम, शी मेड अप द बेअर!" असं तिचा भाऊ मोठेपणी हसून सांगायचा. काकू त्यावर कधी हसलेल्या मला आठवत नाहीत.

मी त्यांच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहायचे, म्हणून ते वरचे काका आणि त्या वरच्या काकू. माझी आई परतूरहून फोनवर विचारायची, "जेवलीस का गं?" मी म्हणायचे, "हो, आज वरच्यांनीच पाठवलं." मग ती तिकडे हात जोडायची, आणि तो नमस्कार नक्की कुणाला पोचतोय हे मी तिला पुष्कळ दिवस सांगितलं नाही. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. काकांना मात्र माझ्या इंजिनिअरिंगपेक्षा माझ्या वडिलांच्या टेम्पोचं कौतुक जास्त. "हिच्या रक्तात डिझेल आहे बरं का," अशी ते पाहुण्यांना माझी ओळख करून द्यायचे. पाहुणे माझ्यापासून जरा सरकून बसायचे.

काका प्रांताच्या रस्तेखात्यात इंजिनिअर होते. रस्ता हा त्यांचा धर्म होता, आणि डांबर हा प्रसाद. कुणाकडे जेवायला बोलावलं तर यजमान दारात उभे आणि काका ड्राइव्हवेवर उकिडवे बसलेले. "पाणी घराकडे उतरतंय तुमचं. बेसमेंट बुडेल," हा त्यांचा 'नमस्कार'. विनिपेगला बर्फ वितळलं की रस्त्यांना बादलीएवढे खड्डे पडतात. लोक त्यांना शिव्या देतात, काका त्यांना भेटायला जायचे. एकदा गणपतीची आरती ऐन रंगात आली असताना बाहेर रोड रोलरचा आवाज आला. काका हातातल्या टाळांसकट बाहेर गेले ते प्रसाद संपल्यावर परतले. "चांगलं काम करताहेत पोरं," एवढंच म्हणाले आणि टाळ तबकात ठेवले.

त्यांचं दुसरं वेड इंग्रजीचं. मराठी वाक्य इंग्रजीत नेताना त्याला अजिबात धक्का लावायचा नाही, नुसते कपडे बदलायचे, असा त्यांचा बाणा होता. ऑफिसात काम वाढलं की ते साहेबाला सांगत, "सर, द वर्क हॅज कम ऑन माय बॉडी." साहेब बिचारा त्यांच्या अंगाकडे बघत राही. इंग्रजी येत नव्हतं असं नाही हो. पुलांचे रिपोर्ट असे लिहीत, की गोरे लोक त्यातली वाक्यं उचलत. पण बोलताना म्हणत, "त्यांना समजावं म्हणून मी आपली भाषा का वाकवू? त्यांनी थोडं वाकावं. बर्फात नाही का वाकत फावड्याने शोव्हल करताना?"

तर असे काका रिटायर झाले, आणि पहिल्याच सकाळी चहा घेताना म्हणाले, "आता मी हिला माझे रस्ते दाखवणार. रोज एक. सकाळी निघायचं, संध्याकाळी परत." काकू पोळ्या लाटत होत्या. लाटणं न थांबवता म्हणाल्या, "जा ना बाप्पा. फोटो काढून आणा." त्या नागपूरच्या. थट्टा आणि दुःख दोन्ही एकाच सुरात बोलत. काकांनी चहा तसाच ठेवला. मग खाली माझ्याकडे आले आणि पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले, "अगं, तळ्याकडे जाणारा रस्ता आहे ना, तो माझा पहिला. त्या वेळी ही नवीन लग्न होऊन आली होती. मी म्हटलं होतं, पुरा झाला की पहिली तूच जाशील यावरून." माझ्या बेसमेंटच्या भिंतीला ओल आहे का ते बोटाने तपासून वर निघून गेले.

त्यांनी एक सिद्धान्त काढला. गाडी लागते ती कोंडलेपणामुळे. आत हवा जेवढी जास्त तेवढी मळमळ कमी. म्हणून गाडी पाहिजे ऐसपैस. आणि सिद्धान्त चुकला तर हळहळ नको, म्हणून पाहिजे जुनी आणि स्वस्त. झालं, दर शनिवारी, वाटेत काकूंसाठी थांबत थांबत, आमची वरात निघाली. जुन्या गाड्यांच्या प्रत्येक मैदानावर काका टेप घेऊन गाडीत शिरत. लांबी, रुंदी, छताची उंची, मग डोळे मिटून तोंडातल्या तोंडात गुणाकार, आणि खिडकीतून डोकं काढून निकाल. "हवा कमी आहे!" टायर, इंजिन, गंज, यांतलं काही ते पाहत नसत. ते माझ्या रक्तातल्या डिझेलने पाहायचं. काकू आवळासुपारी चघळत फिरत आणि गाडीत नुसतं नाक घालून पास-नापास करत. आरशाला टांगलेल्या त्या वासाच्या पुठ्ठ्याच्या झाडामुळे कितीतरी गाड्या दारातच बाद झाल्या.

अशाच एका मैदानावर एक झुपकेदार मिशांचा विक्रेता भेटला. भला माणूस. नेमकी काय अडचण आहे, असं त्याने प्रेमाने विचारलं. काका म्हणाले, "प्रॉब्लेम इज माय वाइफ. कार हिट्स हर."

मिशा जागच्या जागी थांबल्या. "युवर कार, सर?"

"एनी कार. फ्रॉम द बिगिनिंग ऑफ मॅरेज."

त्याने घाबरून काकूंकडे पाहिलं. काकूंना वाटलं, आपल्याला दुजोरा मागताहेत. त्या मान डोलावून म्हणाल्या, "येस, येस. बस ऑल्सो."

"द बस हिट यू, मॅम?"

"एव्हरी टाइम," काकू म्हणाल्या. जरा आठवून पुढे म्हणाल्या, "वन टाइम बोट."

तो मनुष्य एका गाडीच्या बॉनेटवर टेकला. मला बाजूला घेऊन कुजबुजला, "इज शी सेफ अॅट होम?" मी त्याला कार सिकनेस म्हणून समजावलं, तेव्हा कुठे त्याच्या चेहऱ्यावर रंग आला. पण काका माझ्यावरच उखडले. "सिक? सिक कोण आहे? ठणठणीत आहे ही! आपल्याकडे भूक लागते, झोप लागते, नोकरी लागते, तशी गाडी लागते. त्यात आजारी काय पडायचं? यांच्या भाषेत सोयच नाही, त्याला मी काय करू?"

त्या माणसाने सहानुभूतीने आपल्याकडची सगळ्यात मोठी व्हॅन चालवून बघायला काढून दिली. काकांचा गुणाकार जमला. हवा भरपूर. काका चालवायला, काकू शेजारी, मी मागे. आणि तेव्हा मी काकांना मोठ्या रस्त्यावर चालवताना पहिल्यांदा पाहिलं. ते गाडी चालवतच नव्हते, ते रस्ता तपासत होते. गुळगुळीत पट्टा आला की खुशीने वेग, चीर दिसली की खच्चून ब्रेक, कडेची खडी बघायला गाडी उजवीकडे, मधला सांधा बघायला डावीकडे. आणि तोंड अखंड चालू. "हे बघ, खाली बघ. मगरीच्या पाठीसारख्या भेगा पडल्यात. खाली बघ, खाली! हा पॅच कुणी मारला?" काकू बिचाऱ्या नवऱ्याच्या शब्दाला मान देऊन खाली बघत होत्या. मी वडिलांच्या टेम्पोत कांद्याच्या पोत्यांवर झोपून वाढलेली मुलगी. मला जन्मात कधी गाडी लागली नव्हती. त्या दिवशी लागली. काकूंच्या आधी मी ओरडले, "थांबवा!"

गवतात आम्ही दोघी शेजारी शेजारी वाकून उभ्या राहिलो. काका पाण्याची बाटली घेऊन आले आणि म्हणाले, "हवा कमी पडली का?"

मला राहवलं नाही. आमच्याकडे आडून बोलायची पद्धत नाही. म्हटलं, "काका, काकूंना गाडी लागत नाही. तुम्ही लागता."

काका बाटलीचं झाकण नुसतं फिरवत राहिले. मग काकूंना म्हणाले, "पण बस? बस तर मी चालवत नव्हतो."

"शेजारी बसून खाली बघ, खाली बघ करत होता," काकू तोंड पुसत म्हणाल्या. "बोटीतही पुलाचे खांब दाखवले. पाण्याखालचे."

एवढ्या वर्षांत हे त्या का बोलल्या नाहीत, असं मी परतताना विचारलं. गाडी मी चालवत होते, काका मागे होते. "बोलले असते, तर त्यांनी दाखवणं सोडलं असतं," काकू म्हणाल्या. "दुसरं काय होतं त्यांच्याजवळ दाखवायला?" तेवढ्यात मागून आवाज आला, "उजवीकडे खाली बघ गं, काय खड्डा आहे!" काकूंनी सवयीने पाहिलं, आणि मला पुन्हा गाडी कडेला घ्यावी लागली. गवतातून ताठ होत काकू म्हणाल्या, "चालवणाऱ्याला समोरच बघावं लागतं ना? मग मीच चालवते."

काकांना वाटलं, थट्टा आहे. पानं गळेपर्यंत काकू लेखी परीक्षा पास झाल्या. शिकवायला मी. काकांना त्यांनी घरी बसवलं, कारण ब्रेक शिकवताना ते ब्रेकच्या खुणा बघायला खाली उतरत. माझ्या डबीएवढ्या गाडीत हवा म्हणाल तर औषधालासुद्धा नव्हती, पण स्टीअरिंग हातात आलं आणि काकूंची मळमळ जी गेली ती गेलीच. थंडीत हातमोजे घालून, गाडीला मऊ आवाजात "चल माय, चल" म्हणत त्यांनी बर्फावर वळणं घेतली. पहिल्या रोड टेस्टला नापास झाल्या. परीक्षकाने गाडी थांबवायला सांगितलं तेव्हा "वन मिनिट, बाप्पा" म्हणाल्या आणि पुढचा चौक ओलांडून थांबल्या. दुसऱ्या वेळी पास झाल्या. मी बी.ई. झाले तेव्हा आमच्या वाडीत पेढे वाटले होते. तसेच पेढे काकांनी त्या दिवशी अख्ख्या गल्लीत वाटले, आणि प्रत्येक गोऱ्या शेजाऱ्याला सांगितलं, "नाऊ नथिंग हिट्स हर."

गाडी मात्र अजून घ्यायची होती. आम्ही पुन्हा त्या मिशीवाल्याकडे गेलो. ऐसपैसच हवी ही अट या वेळी काकूंची होती. कारण वेगळं. "मागच्या सीटवर बोललेलं पुढे ऐकू येता कामा नये." मग प्रत्येक व्हॅनमध्ये काका शेवटच्या रांगेत बसून "खाली बघ!" असं ओरडत, काकू स्टीअरिंगवर डोळे मिटून ऐकत आणि नकारार्थी मान हलवत. आजूबाजूची गिऱ्हाइकं थांबून बघू लागली. शेवटी कोपऱ्यात भरताच्या वांग्याच्या रंगाची एक लांबलचक व्हॅन उभी होती. आत पंगत बसेल एवढी जागा. काका ओरडले, काकूंना शब्द लागला नाही. मिशीवाला मात्र ओशाळून म्हणाला, "मॅम, आय मस्ट टेल यू, द साइड डोअर डझन्ट ओपन फ्रॉम इनसाइड. दॅट्स व्हाय इट्स चीप." मागे बसलेल्याला बाहेरून कुणी उघडल्याशिवाय उतरता येणार नाही. काकूंनी एकदा मागे बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं.

"हीच घेऊ," त्या म्हणाल्या.

जुलैतल्या एका सकाळी आम्ही तळ्याकडे निघालो. काकू चालवायला, मी शेजारी, आणि पार मागे दहीभाताच्या डब्याशेजारी काका. शहर संपलं, दोन्ही बाजूंनी पिवळी सूर्यफुलं सुरू झाली, तेव्हा काकूंनी आरशात पाहून मोठ्याने विचारलं, "हाच का हो?"

काकांचे ओठ "हाच" असे हलले. खिडकीला नाक लावून ते खाली, डांबराकडे पाहत होते. बोलत मात्र नव्हते. काकूंनी वेग जरा कमी केला. पाहुण्याच्या घरी नव्या सतरंजीवर पाऊल टाकावं तशी गाडी नेली. मैलोन्‌मैल सूर्यफुलं मागे सरत राहिली.

"चांगला बांधलाय," काकू शेवटी म्हणाल्या. मागे ऐकू गेलं नाही. मी वळून, ओरडून सांगितलं. काकांनी मान हलवली, पण नजर काही रस्त्यावरून उचलली नाही.

"त्यांना म्हणावं, वर बघा," काकू म्हणाल्या. "तळं आलं."

मी ओरडले. काकांनी वर पाहिलं. नंतर ते मला म्हणाले, की हा रस्ता करताना आणि तपासताना ते इथे इतक्यांदा आले, पण तळं एवढं मोठं असेल याची त्यांना कल्पना नव्हती. किनाऱ्याला लागल्यावर काकू उतरल्या, व्हॅनला वळसा घालून गेल्या आणि त्यांनी बाहेरून दार उघडून काकांना हात दिला.

पुढे मला नोकरी लागली आणि मी दूर पूर्वेला, कनाटा नावाच्या गावाला आले. इथले रस्ते बरे आहेत, पण रस्त्यावर उकिडवं बसलेलं कुणी दिसत नाही, आणि बेसमेंटमध्ये राहताना जे वर कुणीतरी आहे असं वाटायचं, ते माझ्या नव्या कॉन्डोत वाटत नाही. अधूनमधून काकूंचा फोन येतो. मागून काकांचा आवाज येत असतो, काय म्हणतात ते कळत नाही. तळ्यावर गेलो त्या उन्हाळ्यात, पानं पिवळी पडायच्या आत, काकांनी बांधलेल्या प्रत्येक रस्त्यावरून काकू स्वतः गाडी चालवत जाऊन आल्या.