कोपरा आईचा, घर फौजेचं

किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. बायका वाती वळायला बसल्या की आपोआप साठतात. दुबईजवळच्या रास अल खैमातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये मार्गशीर्षातल्या गुरुवारी माझ्याकडे वसईची फिलोमिना यायची आणि वरच्या मजल्यावरच्या हेल्गाआजी. त्यांचा मुलगा माझ्या मिस्टरांच्याच टाइल्स फॅक्टरीत इंजिनीअर. आजी हिवाळ्यापुरत्या ऑस्ट्रियाहून येत. इंग्रजी त्यांचंही मोडकं, माझंही. त्यामुळे छान जमायचं.

महायुद्ध संपलं तेव्हा त्या लहान होत्या. ब्रिटिश फौजेनं त्यांचं घर ऑफिसरांसाठी घेतलं आणि घरच्यांना मागच्या गोठ्यात पाठवलं. आईनं गोधड्या नेल्या, पण कोपऱ्यातला क्रूस आणि त्यापुढचा दिवा हलवला नाही. म्हणाली, "मी परत येणारच आहे. देवाला कशाला दगदग?"

*

संध्याकाळी आई तेल घेऊन दारात हजर. पहारेकऱ्यानं बंदूक आडवी धरली. पण सैनिकांना हुकूम होता, गावकऱ्यांशी बोलायचं नाही. त्याला "थांबा" म्हणता येईना.

"बोलू नकोस बाळा, शिक्षा होईल तुला," असं म्हणत आई बंदुकीखालून वाकून आत गेली. दिवा लावूनच बाहेर आली. मग रोज हेच.

*

घरात उतरलेल्या मेजरनं दुभाष्याकरवी निरोप धाडला, "युद्ध तुमच्या लोकांनी केलं. आता घर आमचं."

"खरं आहे," आई म्हणाली. "घर ठेवा. दिव्यानं कुणावर बॉम्ब टाकला नव्हता."

*

एका शुक्रवारी फौजेचा स्वयंपाकी आईच्या चुलीवर मांस तळत होता. "माझ्या चुलीवर शुक्रवारी मांस चालत नाही," म्हणत तिनं कढई उचलली ती थेट गोठ्यात. मुलं अर्धपोटी, वास घेत बसलेली. बोट लावू दिलं नाही तिनं. शनिवारी कढई जशीच्या तशी परत.

"यल्ला, चला, आता खा म्हणावं," फिलोमिना खूश.

मी विचारलं, "आजी, तुम्हाला राग नाही आला आईचा?"

"अजून येतो," आजी म्हणाल्या.

*

पुढे आई तापानं पडली. अंधार झाला, तिला उठवेना. एकच घालमेल: आज दिवा चुकला, तर घरावरचा हक्कही सुटला. छोटी हेल्गा तेलाची बाटली घेऊन निघणार, तोच गोठ्याचं दार वाजलं. बाहेर मेजर, एकटाच. हुकूम मोडून, तोडक्यामोडक्या जर्मनमध्ये म्हणाला, "बाई, दिव्याला तेल हवंय."

आई भिंतीला टेकून उठून बसली. लेकीच्या हातातली बाटली स्वतःकडे घेतली आणि म्हणाली, "आधी सांगा, घर कधी सोडताय?"