येफिमरावांनी कापलेलं उत्तर

लेनाचा फोन आला तेव्हा मी इथे आखातात, ईसा टाउनला लेकीच्या शाळेसमोर गाडी लावायला जागा शोधत होते. मागून बसवाला हॉर्न वाजवत होता आणि कानात लेना सांगत होती, पप्पा वारले. जनाबियाला, तिच्या घरी, दुपारचं जेवण झाल्यावर, बसल्या खुर्चीत. मी गाडी तशीच आडवी ठेवून खाली उतरले. बसवाला काय काय बोलला ते मला आजही आठवत नाही. याला आता काही आठवडे झाले. तरी ऑफिसात जिन्यावर पावलं वाजली की वाटतं, हे आलेच आता, माझ्या कामात नाक खुपसायला.

येफिम हे त्यांचं नाव. 'राव' माझ्या आईने जोडलं. वयस्कर माणसाला नुसत्या नावाने हाक मारणं तिला जमेना, आणि त्यांना ते इतकं आवडलं की ऑफिसातल्या फिलिपिनो मुलीसुद्धा त्यांना येफिमराव म्हणू लागल्या. रशियात ते टीव्हीवरचे मोठे पत्रकार होते. आठवड्यातून एकदा, जेवणाच्या वेळी, घराघरांत त्यांचा चेहरा दिसायचा. कुणाला तरी खुर्चीत बसवायचं आणि प्रश्न विचारून घाम फोडायचा, हा त्यांचा कार्यक्रम. सरकारवाले म्हणायचे हा फितूर, सरकारच्या विरोधातले म्हणायचे हा भाडोत्री. पुढे चॅनेलनेही त्यांना घरी बसवलं. बायको आधीच गेली होती, म्हणून लेकीने, लेनाने, त्यांना इकडे आणलं. ती इथे बँकेत आहे. एकदा सुपरमार्केटात मी त्यांच्याबरोबर होते. एका रशियन बाईने त्यांना पाहिलं आणि भरलेली ट्रॉली तिथेच टाकून ती चालती झाली. पुढच्याच रांगेत एका माणसाने त्यांच्या गळ्यात हात टाकून सेल्फी काढला. येफिमराव मला म्हणाले, "दोघांनाही मी नीट माहीत नाही." आणि टोमॅटो निवडायला लागले.

आमची कंपनी छोटी. कारखान्यांसाठी सुरक्षिततेच्या फिल्म करतो, मी एडिटर. मालकांनी येफिमरावांना मुलाखती घ्यायला बोलावलं. वेळ जायला हवा होता म्हणून ते आले. आमच्याशी ते इंग्रजीत बोलायचे, मुलाखतीत दुभाषाचं काम माझ्याकडे. पहिलंच शूटिंग अस्करजवळच्या एका वर्कशॉपात होतं. समोर कुडाळचे सावंत, शिफ्ट सुपरवायझर, इस्त्रीच्या शर्टात, लग्नाला निघाल्यासारखे. येफिमरावांनी हसत हसत दोन सोपे प्रश्न विचारले आणि एकदम तिसरा टाकला, तुम्ही स्वतः कधी हेल्मेट न घालता काम केलंय का? सावंत बिचारे सरळ माणूस. लगेच म्हणाले, "एक बार किया था साब, नया था तब. उसके बाद कभी नहीं."

ऑफिसात मी ते जोडायला बसले तर हे माझ्या पाठीशी येऊन उभे. म्हणाले, उत्तर काढ. सुरुवातीला माइक लावताना तो गप्प बसून इकडेतिकडे बघत होता ना, ते चित्र या प्रश्नानंतर लाव. बघणाऱ्याला वाटेल, प्रश्न झोंबला. मजा येईल. मी खुर्ची फिरवली आणि त्यांच्या वयाचा मुलाहिजा न ठेवता सुनावलं, की मजा तुमची होईल, त्याची नोकरी जाईल. इथे नोकरी गेली की व्हिसा खलास, आणि व्हिसा गेला की कुडाळचं अर्धं घर खलास. येफिमराव वळले आणि निघून गेले. मला वाटलं, आता मालकांकडे तक्रार होणार.

दुसऱ्या दिवशी ते स्वतःच चहा घेऊन आले आणि मला नीनाबाईंची गोष्ट सांगितली. या नीनाबाई एका लहान गावातल्या शाळेच्या मुख्याध्यापिका. शाळेत जेवण खाऊन मुलं आजारी पडली होती. येफिमरावांनी कॅमेऱ्यासमोर विचारलं, मुलांना खराब अन्न कुणी दिलं? बाईंनी ताडकन सांगितलं, मी पुन्हापुन्हा तक्रार केली होती, पण कंत्राटदार गावच्या महापौराचा मेहुणा आहे. चॅनेलला महापौर दुखवायचा नव्हता. येफिमरावांनी उत्तर कापलं आणि तिथे बाई शूटिंगचे दिवे लागायची वाट बघत गप्प बसल्या होत्या ते चित्र लावलं. सगळ्या देशाने पाहिलं, बाईंकडे उत्तर नाही. त्यांची नोकरी गेली. "या युक्तीबद्दल मला बक्षीस मिळालं होतं," ते म्हणाले. मला त्यांचा राग आला होता, हे लपवत नाही. पण मला ते सांगायची त्यांना काही गरज नव्हती, हेही खरं.

राग माझ्याकडे फार टिकत नाही. पुढे ते शुक्रवारी आमच्याकडे जेवायला येऊ लागले. आई चिपळूणच्या मराठीत बोलायची, ते रशियनमध्ये, आणि तासन्‌तास दोघांचं छान चालायचं. सोलकढी त्यांना इतकी आवडली की आई त्यांचा तांब्या वेगळा काढून ठेवायची. माझ्या लेकीच्या भाषणाची तयारी त्यांनी करून घेतली, तिच्या प्रत्येक वाक्यावर हरकत घेऊन. लेक रडकुंडीला आली, पण हट्टाने त्यांच्याकडूनच शिकली. अशा माणसाने असं कसं केलं असेल, हा विचार सोलकढी वाढताना मनात यायचाच.

गेल्या हिवाळ्यात त्यांनी नीनाबाईंना शोधून काढलं. माफी मागायची होती, कॅमेऱ्यासमोर. बाईंच्या मुलीमार्फत निरोप आला, माफी नको. आईचं वय झालं, नोकरीही आता नको आहे. पण बाबांनी तो कार्यक्रम आईच्या शेजारी बसून पाहिला होता. आईने कितीदा सांगितलं की मी उत्तर दिलं होतं. बाबा म्हणत, मी डोळ्यांनी पाहिलंय, तू गप्प होतीस. एका घरात राहतात, पण त्या दिवसापासून ती गोष्ट दोघांच्या मध्ये बसलीय. मूळ टेप चॅनेलने कधीच पुसून टाकली होती, म्हणजे खरं सांगू शकेल असा एकच माणूस उरला होता. बाईंची अट एवढीच, की प्रश्न मी विचारणार, उत्तर तुम्ही द्यायचं, आणि काहीही कापायचं नाही. नवरा शेजारी बसून ऐकणार, आणि रेकॉर्डिंग गावातल्या सगळ्यांना पाठवणार.

आमच्याच ऑफिसात एका दुपारी ते झालं. येफिमरावांसमोर लॅपटॉप, त्यावर नीनाबाई. मी कॅमेऱ्यामागे आणि माझ्या शेजारी लेना, मला कानात भाषांतर सांगायला. लॅपटॉपची पाठ आमच्याकडे होती, त्यामुळे आम्हाला फक्त येफिमराव दिसत होते. बाईंनी एकच प्रश्न विचारला, "त्या दिवशी मी गप्प बसले होते का?"

आयुष्यभर दुसऱ्यांना बोलतं करणारा हा माणूस... त्याच्या तोंडून शब्द फुटेना. ओठ हलायचे आणि पुन्हा मिटायचे. लेनाने माझा दंड घट्ट धरला होता. अखेर ते बोलले, "नाही. तुम्ही लगेच उत्तर दिलं होतं. खरं उत्तर. ते मी कापलं." मग पुन्हा शांतता. येफिमराव स्क्रीनकडे नुसते बघत राहिले आणि मग त्यांनी मला हाताने खूण केली, बंद कर. जाताना दारात थांबून म्हणाले, "काही कापू नकोस हं." दोन्हीकडची चित्रं शेजारी शेजारी जोडून पाठवायची एवढंच माझं काम होतं. ते हातात घेण्याआधीच लेनाचा तो फोन आला.

त्यांचं पार्थिव रशियाला पोचवून लेना परतली ती खचूनच. गेलेल्या माणसाबद्दल लोक इंटरनेटवर वाटेल ते लिहीत होते. ती माझ्याकडे येऊन म्हणाली, रेकॉर्डिंग पाठव, पण उत्तराआधीची आणि नंतरची शांतता तेवढी काढ. पप्पा त्यात गुन्हेगारासारखे दिसतात. लोक तेवढाच तुकडा फिरवतील. मला तिचं पटत होतं. माझे वडील असते तर मीही हेच म्हणाले असते. तिला नाही म्हणायची माझ्यात ताकद नव्हती, म्हणून म्हटलं, आधी दोन्ही चित्रं एकत्र बघू, मग तू सांगशील तसं.

डावीकडे येफिमराव, उजवीकडे नीनाबाई. ती शांतता सुरू झाली तशी लेनाने मान खाली घातली. मग तिच्या पप्पांची ती वाक्यं आली. आणि मग, ते नुसते स्क्रीनकडे बघत बसले होते असं आम्हाला वाटलं होतं तेव्हा, उजव्या चित्रात कडेने एक म्हातारा हात आला. बोटं वाकडी झालेला, जाड लोकरी बाहीतला. तो आधी टेबलावरच थांबला. मग हळूच पुढे सरकून नीनाबाईंच्या हातावर येऊन बसला. बाईंनी वळून पाहिलं नाही, फक्त आपला हात उलटा करून तो धरला. ते येफिमरावांना दिसत होतं. आम्हाला दिसत नव्हतं.

लेनाने ते पुन्हा लावायला सांगितलं, मग आणखी एकदा. शेवटी डोळे पुसून म्हणाली, "यल्ला, चल, पाठव. आहे तसं."

पाठवलं. आता ऑफिस जेवायला गेलं की एडिटिंगच्या खोलीचं दार लोटून मी कधी कधी ते लावते. रशियन मला आजही कळत नाही. येफिमराव गप्प बसलेले असतात आणि मी त्यांच्याबरोबर त्या हाताची वाट बघत बसते.